टनावारी मँगनीज आणि दहा अणू

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून २०२३ साली वेगळा जिल्हा झाला. यांतल्या सौंसरचे नाव देशभरच्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, मग ते गाव नकाशावर दाखवता येवो न येवो. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा पसरलेला प्राचीन रूपांतरित खडकांचा जो पट्टा आहे, त्याला ‘सौंसर समूह’ म्हणतात, आणि देशातले मँगनीजचे मोठे साठे याच पट्ट्यात आहेत. लुईस फर्मोर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापार गावावरून त्याने एका खनिजाला सीतापाराइट असे नावही दिले होते. पुढे ते खनिज म्हणजे अमेरिकेत आधीच नोंदलेले बिक्सबाइटच असल्याचे ठरले आणि सीतापारचे नाव यादीतून गळाले. असो. या भागात मँगनीज मोजायचे ते टनांत, वाघिणींत, खाणीच्या खोलीत. एका ग्रॅम मँगनीजमध्ये एकावर बावीस शून्ये इतके अणू असतात, त्यामुळे अणूच्या भाषेत त्याचा हिशेब करायचे कोणाला कारणच पडत नाही. पण २००६ साली कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत सायरस हिरजीबेहेदिन, ख्रिस्तोफर लुट्झ आणि अँड्रियास हाइनरिख यांनी मँगनीजचे अणू एकेक करून मांडले, एकाशेजारी दुसरा, तिसरा, असे दहापर्यंत. ज्या यंत्राने ते मांडले त्याच यंत्राने ते पाहिले आणि मोजलेही. त्या यंत्राचे कुळ म्हणजे स्कॅनिंग प्रोब मायक्रोस्कोप. त्याच्या टोकाने पृष्ठभागावर नक्षी काढण्याच्या विद्येला गेली पस्तीस वर्षे एकच प्रश्न विचारला जातो: तासाला किती जागा भरते? माझ्या मते ही मोजपट्टीच चुकीची आहे. ही विद्या कारखान्यात शोधू नये. जिथे वस्तू थोड्याच लागतात, पण दुसऱ्या कोणत्याच मार्गाने होत नाहीत, तिथे तिची जागा आहे. आणि म्हणूनच चिपच्या कारखान्यांपासून दूर असलेल्या प्रदेशांनाही तिच्याशी कर्तव्य आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी आयबीएमच्या झुरिच प्रयोगशाळेत १९८१ साली पहिला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप चालवला, आणि पाचच वर्षांत, १९८६ साली, त्यांना नोबेल मिळाले. या यंत्रात भिंग नाही, प्रकाशही नाही. धातूची अतिशय टोकदार सुई पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर आणतात आणि किंचित विद्युतदाब देतात. मधे पोकळी असूनही इलेक्ट्रॉन पलीकडे झिरपतात आणि बारीकसा प्रवाह वाहू लागतो. अंतर एक दशांश नॅनोमीटरने वाढले की हा प्रवाह जवळपास दहापट घटतो. एक दशांश नॅनोमीटर म्हणजे अणूच्या रुंदीहूनही कमी. इतक्या तीव्र घटीमुळे सुईचा सर्वांत पुढचा एकच अणू जवळजवळ सगळा प्रवाह वाहतो, आणि सुई पृष्ठभागावरून फिरवली की अणूंचे चढउतार नोंदले जातात. विद्युतदाबाने किंचित लांबी बदलणारे पिझोइलेक्ट्रिक स्फटिक ही सुई हलवतात. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी दुसरा प्रकार काढला, अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. त्यात सिलिकॉनच्या लवचिक पट्टीच्या टोकाला सूक्ष्म काटा असतो, तो पृष्ठभागाला चाचपतो आणि पट्टी किती वाकली ते लेझरच्या परावर्तनावरून कळते. याला वीजवाहक पृष्ठभागाची गरज नाही, त्यामुळे काच, प्लास्टिक, प्रथिने, पेशी, सगळे याच्या आवाक्यात आले. दोन्ही यंत्रे एका अर्थी आंधळी आहेत, स्पर्शाने पाहणारी. आणि जो स्पर्शाने पाहतो तो पाहताना थोडे हलवतोही. सुरुवातीच्या संशोधकांना ही कटकट वाटली. नमुना सरकायचा, ओरखडा उठायचा, काट्यावरची घाण नमुन्यावर उतरायची. नॅनोलेखनाचा सगळा इतिहास म्हणजे या कटकटीला एकेक करून कामाला लावण्याचा इतिहास आहे.

१९९० साली आयबीएमच्याच डॉन आयग्लर आणि एर्हार्ड श्वाइट्झर यांनी निकेलच्या पृष्ठभागावर झेनॉनचे ३५ अणू सरकवून आपल्या कंपनीची तीन अक्षरे काढली, निरपेक्ष शून्याच्या चार अंश वर. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन डगाटा आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनने झाकलेल्या सिलिकॉनवर, साध्या हवेत, टोकाखालच्या विद्युतदाबाने ऑक्साइडच्या रेषा उमटवल्या. १९९४ साली इलिनॉयमध्ये जोसेफ लायडिंग यांच्या गटाने निर्वात पोकळीत सिलिकॉनवरचा हायड्रोजनच टोकाने उडवून लावला, म्हणजे उघडे पडलेले सिलिकॉनचे पट्टे ही अक्षरे आणि शाबूत राहिलेला हायड्रोजन हा कोरा कागद. या तिन्ही पद्धती आज जिवंत आहेत. पण मला सर्वांत रंजक वाटते ती चौथी, कारण तिची शाई पाण्यातून वाहते.

साध्या हवेत काटा पृष्ठभागाला टेकला की दोघांच्या मधे हवेतली वाफ जमून पाण्याचा इवलासा पूल तयार होतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन आणि रिचर्ड पायनर यांना १९९७च्या सुमारास दिसले की या पुलामुळे चित्रे बिघडतात, पाणी काट्याकडून पृष्ठभागाकडे किंवा उलट वाहत राहते. त्याआधी १९९५ साली याश्के आणि बट यांनी काट्यावरचे सेंद्रिय रेणू पृष्ठभागावर उतरतात हे नोंदवले होते. १९९९ साली मर्किन, पायनर आणि सहकाऱ्यांनी या दोषाचेच तंत्र केले. काटा गंधकयुक्त सेंद्रिय रेणूंच्या द्रावणात बुडवायचा आणि सोन्याच्या पातळ थरावर फिरवायचा. रेणू पाण्याच्या पुलातून उतरतात, गंधकाचे टोक सोन्याला घट्ट चिकटते आणि मागे एका रेणूच्या जाडीची रेघ राहते, रुंदी तीस नॅनोमीटरपर्यंत बारीक. दौतीत टाक बुडवून लिहावे तसे, म्हणून या पद्धतीला त्यांनी टाकाचेच नाव दिले. रेघेची जाडी काटा किती वेळ टेकला, तापमान किती होते, आणि बऱ्याच शायांच्या बाबतीत हवेत दमटपणा किती होता, यांवर ठरते. सौंसरच्या मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली ओल यांत एकाच शाईची रेघ सारखी येणार नाही, म्हणून गंभीर काम करणारे लोक यंत्र बंद पेटीत ठेवून आतला दमटपणा ठरावीक राखतात. हे बारकावे सांगायचे कारण असे की नॅनो म्हटले की स्वच्छ दालने, निर्वात पंप आणि पांढरे झगे डोळ्यांसमोर येतात. या पद्धतीला त्यांतले फारसे काही लागत नाही. दमटपणा सांभाळणारी पेटी आणि सोन्याचा थर दिलेली काच मिळाली की सुरुवात होते.

याच विद्यापीठात आयआयटी मुंबईत शिकून अमेरिकेला गेलेले विनायक द्रविड पदार्थविज्ञान शिकवतात. मर्किन यांचे काम पाहून त्यांच्यासमोर जो प्रश्न आला तो पदार्थविज्ञानाच्या माणसालाच पडावा असा होता. सोन्यावर सेंद्रिय रेणूंची रेघ ठीक आहे, पण उपकरणे बनतात ती ऑक्साइडची, चुंबकीय पदार्थांची, अर्धवाहकांची. टाकाने कठीण पदार्थ लिहिता येईल का? २००२ साली मिंग सू, द्रविड, मर्किन आणि सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. शाई म्हणून त्यांनी सोल वापरला. धातूचे क्षार आणि एक बहुवारिक यांचे द्रावण काट्यावर घ्यायचे, पृष्ठभागावर उतरताना पुलातल्या पाण्याशीच त्याची अभिक्रिया होते आणि ऑक्साइडचे जाळे तयार होऊ लागते. नंतर तापवले की बहुवारिक जळून जाते, टिन, अॅल्युमिनियम किंवा सिलिकॉनचे ऑक्साइड उरते. म्हणजे पाणी इथे नुसते वाहक राहिले नाही, रसायनात सामील झाले. पुढच्याच वर्षी याच गटाने चुंबकीय ऑक्साइडही असे लिहिले, आणि सू, ली व द्रविड यांनी वेगवेगळ्या धातूंची मिसळ केलेल्या टिन ऑक्साइडचे ठिपके इलेक्ट्रोडांच्या मधे लिहून वायू ओळखणाऱ्या संवेदकांची रांग केली. टिन ऑक्साइडचा रोध भोवतालच्या वायूप्रमाणे बदलतो. प्रत्येक ठिपक्याची मिसळ वेगळी असल्याने तो प्रत्येक वायूला वेगळा प्रतिसाद देतो, आणि सगळ्या प्रतिसादांच्या एकत्र आकृतिबंधावरून वायू ओळखता येतो. एकाच इंचभर चिपवर शेजारी शेजारी अनेक निराळे पदार्थ बसवायचे हे काम प्रकाशाच्या लिथोग्राफीने करायचे तर प्रत्येक पदार्थासाठी लेप, मुखवटा, प्रकाश, धुणे हा सगळा फेरा पुन्हा. टाकाने नुसती शाई बदलायची. लिहायला वेळ लागला तरी बिघडत नाही, कारण ठिपके मूठभरच आहेत.

आता सर्वांत मोठा आक्षेप घेऊ, आणि तो सौम्य करून घ्यायचा नाही. हे लेखन फार संथ आहे. २०१० साली आयबीएमच्याच झुरिच प्रयोगशाळेने तापवलेल्या काट्याने बहुवारिकाच्या थरात जगाचा उठावदार नकाशा कोरला, २२ बाय ११ मायक्रोमीटरचा, पाच लाख बिंदूंचा, आणि त्याला २ मिनिटे २३ सेकंद लागली. एका काट्यासाठी हा वेग थक्क करणारा होता. पण गणित करून पाहा. २४२ चौरस मायक्रोमीटर १४३ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे १.७. चिपच्या कारखान्यातली ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची तबकडी सात हजार कोटी चौरस मायक्रोमीटरची. एक काटा एक तबकडी भरायला सव्वातेराशे वर्षे घेईल. बदामीच्या चालुक्यांच्या काळात सुरुवात केली असती तर आत्ता कुठे ती हातात आली असती. आणि १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरणारी आजची यंत्रे अशा शंभराहून जास्त तबकड्यांवर एका तासात एकेक थर छापतात. बेल प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड टेनंट यांनी १९९९ साली सगळ्या लिथोग्राफी पद्धतींचे आकडे एकत्र मांडून दाखवले की वेग साधारणपणे बारकाव्याच्या पाचव्या घाताने घटतो. रेघ निम्मी बारीक करायची तर वेग बत्तीस पटींनी कमी. एखाद्या यंत्राचा हा दोष असता तर दुरुस्त करता आला असता, पण हा पद्धतींच्या सगळ्या कुटुंबाला लागू होणारा कल आहे.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. आयबीएमने ‘मिलिपीड’ नावाच्या प्रकल्पात एका चिपवर १,०२४ आणि पुढे ४,०९६ काटे बसवून माहिती साठवायचे यंत्र बांधायला घेतले, पण तोवर हार्ड डिस्क आणि फ्लॅश मेमरी इतक्या स्वस्त आणि दाट झाल्या की ते बाजारात आलेच नाही. मर्किन यांच्या गटाने २००६ साली ५५,००० टाकांची चौकट केली आणि २००८ साली मऊ रबरासारख्या बहुवारिकाच्या पिरॅमिडांची, एक कोटी दहा लाख टोके असलेली. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यांतले प्रत्येक टोक तेच चित्र काढते, आणि त्या मऊ टोकांनी सुरुवातीला ठिपका नव्वद नॅनोमीटरच्या खाली गेला नाही. वेग मिळाला तो बारकावा आणि स्वातंत्र्य देऊन. टाकाचे तंत्र विकायला निघालेली शिकागोजवळची नॅनोइंक ही कंपनी २०१३ साली बंद पडली. तेव्हा कारखान्याच्या शर्यतीत ही विद्या हरली आहे हे सरळ मान्य करावे. तिच्या पुरस्कर्त्यांनी सुरुवातीला नको त्या शर्यतीत तिला उतरवले, हे माझे मत.

पण संथ लेखनाला कारखान्यात जागाच नसते, हे मात्र खरे नाही. प्रकाशाने छापणाऱ्या त्या वेगवान यंत्रांना जो मुखवटा लागतो तो छापून होत नाही. तो इलेक्ट्रॉनच्या शलाकेने बिंदू बिंदू लिहिला जातो, आणि एकेका मुखवट्याला कित्येक तास लागतात. मूळ प्रत सावकाश, नकला झपाट्याने, ही वाटणी चिपउद्योगाने फार पूर्वीच स्वीकारली आहे. २०२२ साली टेक्सासमधल्या झायव्हेक्स लॅब्जने हायड्रोजन उडवण्याच्या पद्धतीवर चालणारे यंत्र विक्रीला आणले. त्याची सर्वांत बारीक रेघ ०.७७ नॅनोमीटरची, म्हणजे सिलिकॉनच्या अणूंच्या एका जोडरांगेइतकी. तासाला किती चौरस मिलिमीटर असे या यंत्राला विचारणे व्यर्थ आहे, मूळ साचे आणि पुंज उपकरणे हेच त्याचे गिऱ्हाईक. सिडनीत मिशेल सिमन्स यांच्या गटाने २०१२ साली याच पद्धतीने सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचा एकच अणू ठरवलेल्या जागी बसवून ट्रान्झिस्टर केला, आणि २०२२ साली अशाच दहा पुंज ठिपक्यांची साखळी करून पॉलिअॅसिटिलीन या रेणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतात त्याची नक्कल चालवून दाखवली. प्रकाशाची कोणतीही लिथोग्राफी आज एक ठरावीक अणू ठरावीक जागी ठेवू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे कसरतीचे खेळ आहेत. कंपनीची अक्षरे, जगाचा नकाशा, २०१३ साली कार्बन मोनॉक्साइडचे रेणू सरकवून केलेला चिमुकला चित्रपट. यांतल्या बऱ्याच गोष्टी जाहिरातीच होत्या, यात शंका नाही. पण त्याच हातांनी १९९३ साली तांब्यावर लोखंडाच्या ४८ अणूंचे वर्तुळ रचले तेव्हा आत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटा पहिल्यांदा डोळ्यांना दिसल्या. आणि मँगनीजची ती साखळी तर निव्वळ ज्ञानासाठी होती. मँगनीजचा प्रत्येक अणू हा एक छोटा चुंबक असतो. मँगनीज ऑक्साइडमध्ये शेजारचे चुंबक एकमेकांविरुद्ध तोंड करून उभे राहतात, हे १९४९ साली क्लिफर्ड शल आणि सहकाऱ्याने न्यूट्रॉनच्या साहाय्याने दाखवले होते. पण ते अब्जावधी अणूंच्या सरासरीवरून. २००६ साली तांब्यावरच्या कॉपर नायट्राइडच्या एक अणू जाडीच्या थरावर साखळी वाढवत नेताना दिसले की अणूंची संख्या सम असेल तर चुंबकत्व पुरते मिटते आणि विषम असेल तर एका अणूइतके शिल्लक राहते. चौथा अणू ठेवला की साखळी शांत, पाचवा ठेवला की पुन्हा चुंबक. सरासरीत हा सम-विषमाचा खेळ दिसूच शकत नाही, कारण तिथे शेवटचा अणू कोणता हेच ठरवता येत नाही. सौंसरच्या पट्ट्यातून किती वाघिणी भरल्या तरी हे कळले नसते. दहा अणू पुरले. मग त्यांना किती तास लागले याची चौकशी कोणी का करावी?

तिसरा आक्षेप अधिक नेमका आहे, आणि जाणकार तोच घेतात. बारीक नक्षी हवी तर इलेक्ट्रॉन शलाका आहेच, ती काट्याहून वेगवान, तिची यंत्रेही सर्वत्र, मग काटा कशाला? याचे उत्तर पदार्थावर अवलंबून आहे. शलाकेला निर्वात पोकळी लागते, आधी लेप द्यावा लागतो, नंतर तो रसायनांनी धुवावा लागतो. या सगळ्यात प्रथिने आणि विषाणू टिकत नाहीत. टाक साध्या दमट हवेत चालतो आणि त्या नाजूक रेणूला हात न लावता त्याच्यासाठी जागा आखून ठेवतो. मर्किन यांच्या गटाने २००२ साली प्रथिनांचे ठिपके असेच बसवले. २००४ साली एचआयव्हीच्या पी-२४ या प्रथिनाला धरणारे प्रतिपिंड लिहून, नेहमीच्या एलायझा चाचणीला सापडणार नाही इतक्या कमी प्रमाणात ते प्रथिन पकडले. ठिपके इतके लहान की थोड्याशा रेणूंनीही त्यांची उंची बदलते, आणि ती उंची तोच मायक्रोस्कोप मोजतो. २००५ साली तंबाखूच्या मोझेक विषाणूचे कण, ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड, एकेक करून आखलेल्या जागी आडवे बसवले गेले. लिहिणारा आणि तपासणारा एकच, ही सोय शलाकेला नाही.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला इथे आपल्या संत्र्याच्या बागेची आठवण होणे स्वाभाविक आहे. संत्रावर्गीय झाडांचा ट्रिस्टेझा विषाणू हा असाच धाग्यासारखा, फक्त लांब, सुमारे दोन हजार नॅनोमीटर, आणि जाडी अकराच्या आसपास. तो माव्यामुळे पसरतो आणि रोगट झाडाचा डोळा भरला तर कलमातूनही येतो. वरवर निरोगी दिसणाऱ्या झाडात तो असू शकतो, म्हणूनच नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमांवर इतका भर देते. मग काट्याने लिहिलेल्या चिपवर हा विषाणू पकडणारी चाचणी रोपवाटिकेत येईल का? मी ते आश्वासन देणार नाही. एलायझा आणि पीसीआर या चाचण्या आज उपलब्ध आहेत, त्या भरपूर नमुने एकदम तपासतात, आणि नॅनोइंकचे जे झाले ते डोळ्यांसमोर असताना बाजाराचे स्वप्न दाखवणे बरे नाही. पण एकेक विषाणूकण धरून त्याची जाडी, लवचिकता, कोणत्या प्रथिनाला तो किती घट्ट चिकटतो, हे पाहायचे असेल तर हे साधन उपयोगी आहे. पुढच्या चाचण्या कशावर बेतायच्या याचे उत्तर अशा कामातून निघते. शेतकऱ्यापर्यंत ते वीस वर्षांनी आणि दुसऱ्याच नावाने पोहोचेल.

टोक झिजते, ही तक्रारही नेहमीची. खरी आहे, पण तिच्यावर कठीण लेपांचे आणि सौम्य स्पर्शाच्या पद्धतींचे उपाय झाले आहेत, आणि मूठभर ठिपक्यांच्या कामात एक टोक पुरते. उरतो पैशाचा आणि अंतराचा प्रश्न. इथे मात्र आपल्याकडचा इतिहास धीर देणारा आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सी. व्ही. धर्माधिकारी यांच्या गटाने स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप विकत आणण्याची वाट न पाहता विभागातच बांधला. असे यंत्र बांधता येते कारण त्यात महागड्या भिंगांची मालिका नाही. स्फटिक, सुई, कंपन शोषणारा आधार आणि बारीक प्रवाह मोजणारे परिपथ, बाकी सगळे कौशल्य. ज्यांना बांधायचे नाही त्यांच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या इंदूरच्या संयुक्त संशोधन केंद्रात स्कॅनिंग प्रोब मायक्रोस्कोपी आहे, आणि ते केंद्र उभारलेच गेले विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी. आयआयटी मुंबई आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांच्या नॅनो सुविधाही केंद्र सरकारच्या योजनेतून बाहेरच्या संशोधकांना वापरता येतात. संथ असल्यामुळेच हे काम वाटून घेता येते. अब्जावधींचा कारखाना प्रत्येक जिल्ह्यात होणार नाही, पण आठवडाभर मायक्रोस्कोप मिळवून एका रसायनाची एक नवी शाई तपासणे एखाद्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांना जमण्यासारखे आहे. मँगनीजच्या ऑक्साइडची सोल शाई करून पाहण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही, कच्चा माल तर घरचा आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या महाविद्यालयांतल्या भौतिक व रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी या सुविधांच्या अर्जांची माहिती मागवावी आणि एम.एस्सी.च्या मुलांना एखादा प्रकल्प तिथे करायला लावावा. नागपूरहून मुंबई एका रात्रीच्या रेल्वेवर आहे, पांढुर्ण्याहून इंदूर त्याहून जवळ आहे. अर्ज मात्र आपणच करावा लागतो.